न उघडलेलं इंजिन घेऊन सोलापूरला

हडपसर मागे पडलं तेव्हा नुकतं उजाडत होतं आणि माझी गाडी खुशीत होती. गाडी खुशीत आहे की कुरकुरते आहे, हे मला टाकीला टेकलेल्या गुडघ्यांतून कळतं. यावर ज्यांना हसू येईल त्यांनी खुशाल हसावं. त्यांच्या गाडीची सर्व्हिसिंग दुसरा कुणीतरी करतो, त्यांना हे कळायचं नाही.

गाडी शंभर सीसीची, काळी, टाकीवर एक पोचा पडलेली. पहिल्या नोकरीत सोलापूरला विमा कचेरीत होते, तेव्हा तिथेच घेतली. मी आता पन्नाशी ओलांडून निवृत्तही झाले, पण या गाडीचं इंजिन अजून उघडलेलं नव्हतं. गाडीवाल्यांच्या जगात याला फार मान असतो. पिस्टन, सिलिंडर, आतलं सगळं मूळचं, कारखान्यातून आलं तसं. कुठल्याही मिस्त्रीचा पाना आत गेलेला नाही. लोक यामागचं गुपित विचारतात आणि मी सांगितलं की निराश होतात. तेल वेळेवर बदलायचं, प्लग आणि एअर फिल्टर साफ ठेवायचा, टॅपेटचा, म्हणजे इंजिनातल्या झडपांचा, आवाज ऐकायचा, चेन सैल पडू द्यायची नाही. संपलं. दात घासण्याइतकं कंटाळवाणं काम आहे, आणि दात घासण्यासारखंच, सोडलं की महागात पडतं. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये रविवारी जुनी वर्तमानपत्रं पसरून मी हे करत बसते, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या बायका मला दया येऊन चहा पाठवतात. चहा मी घेते.

सोलापूरला निघाले होते ते नरसय्यामामांकडे. मामा म्हणजे माझे तेव्हाचे घरमालक, भवानी पेठेतले. विणकर तेलुगू कुटुंब, घराच्या मागे यंत्रमागांची शेड, आणि मामा स्वतः जॉबर (माग बिघडला की दुरुस्त करणारा, एकूण माग चालते ठेवणारा). पुढची खोली मला भाड्याने दिली होती. गाडी घेतली तेव्हा मला ती चालवता येत नव्हती. मामा धोतर खोचून, मागचं कॅरिअर धरून गल्लीभर माझ्या मागे धावले, आणि एका सकाळी त्यांनी कॅरिअर सोडलंय हे मला चौकात पोचल्यावर कळलं. तेव्हापासून ही गाडी जितकी माझी तितकीच त्यांची. इतकी वर्षं झाली, फोन केला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "गाडी कशी हाय?" माझी चौकशी त्यानंतर.

या वेळी फोनवर म्हणाले, "एकदा गाडीला घिऊन ये की, अम्मा. माझे पाय आता चालंनात."

मला ये म्हणाले नाहीत, गाडीला घेऊन ये म्हणाले. मी दुसऱ्या दिवशी तेल बदललं, टॅपेट सेट केले, आठवडाभर गाडी गावात फिरवून खात्री करून घेतली आणि निघाले.

भिगवणला चहा घेतला. उजनीच्या पाण्यावरून गार वारा येत होता, तो पुढे दिवसभर आठवून आठवून पुरवावा लागला. फेब्रुवारी संपत आला होता आणि इंदापूर सोडल्यावर ऊन आपला खरा स्वभाव दाखवू लागलं. टेंभुर्णीपर्यंत दोन्ही बाजूंना ऊस, मग हळूहळू उसाची मिजास उतरते आणि ज्वारीचं राज्य लागतं. काढणी चालू होती. पेंढ्या उभ्या करून ठेवलेल्या, बायका डोक्याला फडकी बांधून वाकलेल्या. मोडनिंबच्या अलीकडे एका टपरीवर भजी खायला थांबले, तर टपरीवाल्याने गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मागच्या झुडपांकडे नजर टाकली.

"मालक कुटं गेलं?"

"मालक भजी खायची वाट बघतायत," मी म्हणाले. "कढईत अजून सोडली नाहीत तुम्ही."

तो कसनुसा हसला आणि मिरच्या जास्त घालून दिल्या. मी अशी आहे. ऑफिसात मला पाठीमागे सुतळी बॉम्ब म्हणायचे, आणि ते मला कळलंय हे मी त्यांना समोरासमोर सांगितलं होतं. ही माहिती पुढे लागणार आहे म्हणून आत्ताच दिली.

भवानी पेठेतल्या गल्लीत शिरताना मी सवयीने आवाजाची तयारी ठेवली होती. पूर्वी या गल्लीत मागांच्या खडखडाटात एकमेकांशी बोलायचं तर कानाशी जाऊन बोलावं लागे. नवीन माणूस पहिली रात्र झोपत नसे आणि महिन्याभराने आवाजाशिवाय त्याला झोप येत नसे. आता गल्लीत माझ्या गाडीचाच आवाज सगळ्यात मोठा होता. मला चुकीच्या पत्त्यावर आल्यासारखं वाटलं.

मामा ओट्यावरच बसले होते. पांढरंशुभ्र धोतर, पांढरी बंडी. "रा अम्मा, रा," (ये गं, ये) म्हणत उठले, काठी टेकत पायऱ्या उतरले आणि थेट गाडीपाशी गेले. टाकीवरचा पोचा चाचपून म्हणाले, "हा तवाचाच न्हवं? सोनारगल्लीच्या वळणावरचा?"

"तवाचाच," मी म्हणाले.

मल्लम्मामामींनी जेवायला पुंटीकूर (अंबाडीची भाजी), कडक भाकरी आणि शेंगाची चटणी वाढली. चटणीत दही कालवायचं, त्यात भाकरीचा तुकडा बुडवायचा आणि तो मऊ पडायच्या आत खायचा. पुण्यात या चटणीच्या नावाखाली जे मिळतं ते खाऊन मी आजवर किती समजूतदारपणे गप्प बसले, याचं मला आश्चर्य वाटलं.

जेवण झाल्यावर मामांनी मागची शेड दाखवली. माग नव्हते. मालाला उठाव राहिला नाही, मुलगा भिवंडीला गेला तो तिकडेच स्थिरावला, आणि माग एकेक करून भंगारात गेले. फरशीवर मागांचे पाय जिथे रोवलेले असत तिथे बोल्टची भोकं तेवढी होती. वरून दोरी बांधून मामींनी धुणं वाळत घातलं होतं. कोनाड्यात मात्र मामांची लांब चोचीची तेलदाणी होती तशी होती, आणि खाली मागाच्या तेलाचा एक डबा, तळाला लिटरभर तेल उरलेला.

"माग गेले, डबा ऱ्हायला," मामा म्हणाले.

मामी हसत म्हणाल्या, "सकाळी उठलं की ते घिऊन फिरतात. दाराच्या बिजागऱ्या, माझं शिलाई मशीन, शेजारच्यांची सायकल. काल मांजराला घालायचं बाकी ऱ्हायलं."

खरंच त्या घरात एक दार कुरकुरत नव्हतं. मी तिथे बसले होते तेवढ्या वेळात एक शेजारीण आपल्या पाळण्याची कडी घेऊन आली आणि मामांनी दोन थेंब सोडून, कडी हलवून, जास्तीचं तेल बोटाने पुसून तिला परत दिली. कडी गुंडाळलेल्या फडक्यावर त्याचा ठिपकाही उमटला नाही.

मागाचं तेल असंच असतं. पाण्यासारखं पांढरं, पातळ. कापडाच्या धंद्यात तेलावाचून माग चालत नाही आणि तेलासारखा कापडाला वैरी नाही. चादरीवर काळा थेंब पडला की ती चादर बाद. मामा त्याला मरक (डाग) म्हणत, आणि तो शब्द उच्चारताना त्यांचा चेहरा कुणी शिवी दिल्यासारखा होई. त्यांच्या मागावरचं कापड तेलाच्या डागापायी कधी परत आलं नाही, ही त्यांची आयुष्यभराची कमाई होती.

संध्याकाळी मी मोठ्या तोऱ्यात गाडी दाखवायला बसले. प्लग काढून दाखवला, चेन फिरवून दाखवली, इंजिनाच्या तेलाची पट्टी काढून फडक्यावर पुसली. फडक्यावर काळा पट्टा उमटला.

मामा दचकले. "काळं हाय की गं!"

आता या ठिकाणी एक वाक्य बोलायला हवं होतं. जुन्या इंजिनात नवीन तेल आठवड्यात काळं पडतं. ते आतली घाण स्वतःत ओढून घेतं म्हणून काळं पडतं. काळं तेल म्हणजे काम करणारं तेल. शिवाय ते जाड लागतं, कारण आत आग आहे. मी हे ओळखीपाळखीच्या कितीतरी लोकांना न विचारता ऐकवलं आहे. पण पोटात दही-चटणी होती, वारा सुटला होता, आणि मामांना चिडवायची लहर आली.

"मग तुम्हीच करा ना तिची सर्व्हिसिंग," मी म्हणाले. "तुमच्या हाताची सर कुणाला आहे!"

मामा फडक्यावरच्या त्या पट्ट्याकडे बघत राहिले.

सकाळी उठून बाहेर आले तर गाडी आरशासारखी लखलखत होती. चेन तेलाने चमकत होती, ब्रेकचा दांडा, क्लचची तार, स्टँडची स्प्रिंगसुद्धा सोडली नव्हती. मामा ओट्यावर घामाघूम बसले होते. इतका आनंद मी त्यांच्या तोंडावर काल गाडी बघतानाही पाहिला नव्हता.

"समदं तेलपाणी केलंय, अम्मा. आता बघ कशी पळती."

मी त्यांच्या पाया पडले. उगाच नाही, मनापासून. आणि एक चक्कर मारायला अक्कलकोटच्या रस्त्याला लागले.

तो भाग मला नोकरीपासून आवडतो. कुंभारी मागे पडली की शहर संपतं. जमीन सपाट, काळी, डोळे थकेपर्यंत पसरलेली. अक्कलकोटच्या पुढे गेलं की दुकानांच्या पाट्यांवर दोन लिप्या दिसू लागतात आणि माणसं एका वाक्यात दोन भाषा बोलतात. एका खेड्यात पाणी प्यायला थांबले तर म्हातारीने तांब्या दिला आणि "कुंद्री, कुंद्री" (बसा, बसा) म्हणत घोंगडी टाकली. कुठून आलीस, नवरा काय करतो, मुलं किती, ही चौकशी अर्धी कानडीत, अर्धी मराठीत झाली. लग्न केलं नाही म्हटल्यावर तिने गाडीकडे बोट दाखवून "हेच्यापायी?" असं विचारलं. मला इतकं हसू आलं की ठसका लागला.

परत फिरताना ऊन डोक्यावर आलं होतं. अक्कलकोट सोडल्यावर टॅपेटचा आवाज वाढल्यासारखा वाटला. बाभळीच्या सावलीत थांबून मी तेलाची पट्टी पाहिली. पातळी अगदी खुणेपर्यंत होती. तेल बोटाला पातळ लागलं, आणि स्वच्छही दिसलं. उन्हाने पातळ झालं असेल, म्हणाले. स्वच्छ का, हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नाही. उलट इंजिन किती निरोगी आहे याचं कौतुक वाटलं.

कुंभारी जवळ आली आणि गुडघ्यांना काहीतरी कळलं. इंजिनाने आतून घास अडकल्यासारखा आवाज केला, मागचं चाक अडकून फरफटलं. मी क्लच दाबला म्हणून पडले नाही. गाडी रस्त्याच्या कडेला जाऊन थांबली. किक मारायला गेले तर किक जागची हलेना. पाय तिच्यावर तसाच ठेवून मी उभी राहिले. काय झालंय ते मला कळलं होतं आणि ते मला कळून घ्यायचं नव्हतं. मी त्या भर उन्हात रडले, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

कडबा भरलेला एक टेम्पो थांबला. चालवणाऱ्याने मान बाहेर काढली. "काय झालं, अक्का?" त्याने उतरून किक दाबून पाहिली आणि च्च च्च केलं. "इंजन धरलंय की हो, आतनं जाम झालंय. कडब्यावर आडवी घालू. भवानी पेठंत बशीरभाई हाय, त्येच्याकडं सोडतो."

माझी गाडी कडब्यावर निजून सोलापुरात शिरली. मी पुढे त्या माणसाशेजारी बसले होते. तो ज्वारीबद्दल, पावसाबद्दल, मेहुण्याबद्दल बोलत होता आणि मी हो ला हो म्हणत होते.

बशीरभाईंचं गॅरेज मामांच्या गल्लीच्या टोकाला. पांढरी दाढी, नाकावर चष्मा, हात कोपरापर्यंत काळे. त्यांनी गाडीखाली ट्रे सरकवला आणि तेलाचा बोल्ट काढला. ट्रेमध्ये पाण्यासारखं पातळ तेल पडलं, त्यात धातूची बारीक चमकी. बशीरभाईंनी बोट बुडवून नाकाशी नेलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"ये इंजन का तेल नै है, बाई. माग का है. कौन डाले?"

उत्तराची वाट न बघता त्यांनीच पुढे मराठीत सांगितलं, "आमच्या पेठंत ह्ये व्हतं अधनंमधनं. माग चालवणाऱ्याला काळं तेल बघवत न्हाय. त्यो स्वच्छ तेल घालतो. मागाला गरमी नस्ती, चालून जातं. इंजनात कसं चालंल?"

आतला राग असा उसळला की कानाला दडे बसले. इतकी वर्षं! मी तोंड उघडलं असतं तर पेठभर ऐकू गेलं असतं. पण तेवढ्यात मला शेडच्या कोनाड्याखालचा डबा आठवला. तळाला थोडं उरलेलं तेल. मामांनी ते माझ्या गाडीत ओतलं होतं. सगळे माग गेल्यावर त्यांच्या हाताखाली आलेलं हे पहिलं मोठं यंत्र, आणि ते मी स्वतःच्या तोंडाने त्यांच्या हवाली केलं होतं.

"बशीरभाई," मी म्हणाले, "मामांना यातलं काही सांगायचं नाही."

त्यांनी मान डोलावली आणि इंजिन खोलायला घेतलं. मी तिकडे पाठ केली. हेड, म्हणजे इंजिनाचं झाकण, निघतानाचा आवाज मात्र ऐकू आला.

बातमी गल्लीत पोचायला वेळ लागत नाही. मामा काठी टेकत आले. सिलिंडर बाकावर उलटा ठेवला होता, आतून खरवडलेला. मामांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ते सरळ ट्रेपाशी गेले, वाकले, बोट बुडवलं आणि अंगठ्याने चोळलं. पुन्हा चोळलं. मग काठीवर दोन्ही हात ठेवून माझ्यापुढे उभे राहिले.

"माझ्यामुळं झालं काय, अम्मा?"

सरळ प्रश्न होता. आयुष्यभर मी सरळ प्रश्नांची सरळ उत्तरं दिली. साहेबांना दिली, भावाला दिली, मोडनिंबच्या भजीवाल्याला दिली.

"छे हो, मामा!" मी म्हणाले. आवाज इतका गोड होता की मलाच ओळखू आला नाही. "गाडीच म्हातारी झाली होती. कधीतरी व्हायचंच. तुमच्यामुळे उलट इतके दिवस... तुमचा काय संबंध?"

"व्हय, व्हय," बशीरभाईंनी री ओढली, "पिस्टनच्या रिंगा गेल्या व्हत्या."

मामांनी आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "बरं," म्हणाले, आणि बोट धोतराला पुसलं. धोतरावर राखाडी रेघ उमटली. त्यांनी ती पाहिली, झटकली नाही, आणि घराकडे वळले.

सिलिंडर बोअर करून म्हणजे आतून घासून, नवीन पिस्टन बसवून गाडी मिळायला दोन दिवस लागणार होते. मी मामांकडेच राहिले. सोलापुरात करण्यासारखं पुष्कळ होतं. मी किल्ला पाहिला, तळ्याकाठी बसले, ओळखीच्या दुकानातून चादरी घेतल्या आणि दुकानदाराशी रंगावरून रीतसर भांडले. भांडण चांगलं झालं, पण मन त्यात नव्हतं. घरी परतलं की मामा ओट्यावर असत. बोलत, हसत, जेवलीस का विचारत. फक्त कोनाड्यातली तेलदाणी दिसेनाशी झाली होती. पाळण्याची कडी आणणारी शेजारीण पुन्हा आली, या वेळी शिलाई मशीनचं पायडल आवाज करतंय म्हणून.

"दुसरीकडं दाखवा," मामा म्हणाले. "मला आता दिसत न्हाय नीट."

ती गोंधळून उभी राहिली आणि गेली. मी आत बसून हे ऐकलं. बाहेर जाऊन बोलता आलं असतं. मी मामींना चटणी किती छान झालीय ते सांगितलं.

निघायच्या सकाळी मामी शेंगापोळ्या बांधून देत होत्या. फडक्याची गाठ मारता मारता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तू त्येंना बोलली न्हाईस काही?"

"कशाबद्दल?"

"आता माझ्यापाशी तरी सोंग नको," मामी म्हणाल्या. "त्येंना तवाच कळलं. तेलातला लोखंडाचा चुरा त्येंच्या बोटाला कळला नसंल व्हय? तू ओरडशील म्हणून वाट बघत हुते. घरी येऊन मला म्हणाले, पोरगी गोड बोलली गं. ही पोरगी मला कधी गोड बोलली न्हाई. म्हंजे माझ्या हातनं लईच मोठं नुकसान झालंय."

मी ज्याला दया समजत होते ती मामांना शिक्षा म्हणून पोचली होती. मी भांडले असते तर ते चिडले असते, काळ्या तेलावरून माझ्याशी वाद घातला असता, शेवटी कान धरून "चुकलं बाई" म्हणाले असते, आणि संध्याकाळी तेलदाणी परत कोनाड्यात आली असती. चूक झालीच नाही असं म्हणून मी त्यांना चूक कबूल करायची जागाच ठेवली नव्हती. आणि कबूल न केलेल्या चुकीची माफी कशी मागणार, कशी मिळणार?

मी तशीच बाहेर गेले. मामा पायरीवर उभे होते, गाडीपासून चार हात लांब.

"मामा, तुम्ही माझं इंजिन खाल्लंत," मी म्हणाले. आवाज चढवला. "इतकी वर्षं जपलेलं! इंजिनात मागाचं तेल ओतायचं काय कारण होतं? इंजिनाचं तेल काळंच असतं! मला भयंकर राग आला होता, अजून आहे!"

मी म्हणत होते त्यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. मामांनी ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी ते थोडं हसले.

"मल्लम्मानं सांगितलं व्हय, असं बोल म्हणून?"

त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "ऱ्हाऊ दे, अम्मा. तुझ्या पोटात माया हाय, मला म्हाईत हाय. सावकाश जा."

मी हेल्मेट घातलं, आणि शेवटचा प्रयत्न म्हणून म्हणाले, "चेन जरा बघता का? सैल वाटतेय."

मामांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. "बशीरला दाखव की जाता जाता. त्यो हुशार हाय."

चेन सैल नव्हती, हे त्यांना तिथून दिसत होतं.

नवीन पिस्टनची गाडी पळवायची नसते. सुरुवातीला हळू चालवावी लागते, मध्येमध्ये थांबून इंजिन थंड होऊ द्यावं लागतं. त्यामुळे परतीचा रस्ता फार लांबला. मोहोळला थांबले, मोडनिंबला थांबले. टपरीवाल्याने ओळखलं आणि या वेळी मालकाची चौकशी केली नाही. भजी चांगली होती, मी त्याला तसं सांगितलं, आणि सांगताना घाबरले. माझ्या चांगल्या बोलण्याचा आता मला भरवसा उरला नव्हता. टेंभुर्णीच्या पुढे उसात गाडी उभी करून इंजिनावर हात धरला. चांगलं काम केलं होतं बशीरभाईंनी. आवाज गोल येत होता, थरथर नव्हती. माझ्या गुडघ्यांना ती गाडी नवखी वाटत होती, पण तो गुडघ्यांचा प्रश्न. इंजिन उघडल्याचं दुःख भिगवणपर्यंत टिकलं आणि उजनीच्या वाऱ्यात विरून गेलं. लोखंडच होतं ते, बदलता आलं. मामांच्या प्रश्नाला दिलेलं उत्तर मात्र बदलायला गेले तेव्हा उशीर झाला होता. दोनच दिवसांचा उशीर, पण त्या दोन दिवसांत माझा खरा राग शिळा होऊन खोटा दिसायला लागला होता.

घरी पोचल्यावर हातपाय न धुताच फोन केला. मामांनीच उचलला.

"पोचले, मामा."

"बरं झालं. ऊन लई लागलं का?"

"लागलं थोडं."

"जेवलीस काय? शेंगापोळ्या मोडल्या न्हाईत न्हवं वाटंत?"

"नाही मोडल्या."

"पाणी पी भरपूर. झोप आता." मागे त्यांच्या घराचं पुढचं दार कुणीतरी लोटलं, ते कुरकुरलेलं मला फोनवर ऐकू आलं.

मी फोन कानाला तसाच धरून ठेवला. गाडी कशी हाय, एवढं विचारतील म्हणून वाट बघत राहिले.

"ठिवतो मग," मामा म्हणाले.